ऐकून घेण्याची मात्रा

गोव्यातलं वाळपई असो, पेडणे असो की काणकोण, सरकारी आरोग्य केंद्राच्या सकाळच्या ओपीडीत काही तक्रारी हमखास ऐकू येतात. अंगात त्राण नाही, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, जेवणावर वासना नाही. बाहेर रांग वाढत असते. केसपेपरवर बी-कॉम्प्लेक्स, कॅल्शियम, फार तर झोपेची गोळी लिहिली जाते आणि महिनाभराने तोच माणूस तेच दुखणं घेऊन परत येतो. रक्त-लघवीत काही सापडत नाही. अशांपैकी अनेकांना नैराश्य किंवा चिंतेचा विकार असतो. पण मन बरं नाही म्हणून कोणी केसपेपर काढत नाही. सांगितलं जातं ते शरीराचंच.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच, आणि तेही शहरात. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या बाईला बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठायचं तर दिवसाची मजुरी बुडते, सोबतीला घरातलं कोणीतरी लागतं, आणि गावात कळलं तर काय ही धास्ती वेगळीच. कागदावर मोफत असलेला उपचार अशा घराला चांगलाच महाग पडतो.

या अडचणीवरचं, जगभर ज्याचा दाखला दिला जातो ते संशोधन आपल्याच गोव्यात झालं, हे गोव्यातही फार जणांना ठाऊक नाही. १९९६ मध्ये सुरू झालेली ‘संगाथ’ ही संस्था आणि तिचे एक संस्थापक डॉ. विक्रम पटेल यांनी साधा प्रश्न विचारला: समुपदेशन करायला तज्ज्ञच हवा का? ‘मानस’ नावाच्या चाचणीत २४ दवाखाने घेतले, १२ सरकारी आणि १२ खासगी. त्यांपैकी निम्म्या ठिकाणी आरोग्यसेवेची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक स्त्रियांना दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून बसवलं. गरज पडल्यास औषध द्यायला डॉक्टर होते आणि अधूनमधून भेट देणारे मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी होते. २,७९६ रुग्णांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांत ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले, नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के.

खासगी दवाखान्यांत मात्र काहीच फरक पडला नाही. समुपदेशक असो वा नसो, बरे होणाऱ्यांचं प्रमाण ६४ ते ६६ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. मला या अभ्यासातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. गावातला खासगी डॉक्टर बहुधा वर्षानुवर्षं तोच असतो. घरात कोणाचं काय चाललंय, नवरा दारू पितो का, मुलगा आखातात आहे की घरी, हे त्याला माहीत असतं. सरकारी ओपीडीतल्या डॉक्टरची बदली होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन मिनिटं येतात. माझा अंदाज असा की, समुपदेशक बाईंनी सरकारी केंद्रात भरून काढली ती हीच उणीव.

खर्चाचा हिशेब पुढे २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात दवाखान्याच्या खर्चाबरोबर रुग्णाचा आणि घरच्यांचा वाया जाणारा वेळही धरला होता, आणि तो धरायलाच हवा. सरकारी केंद्रांत समुपदेशकांचा खर्च मोजूनही एकूण खर्च कमीच भरला. याच केंद्रांतल्या रुग्णांचे काम बुडण्याचे किंवा अर्धवट राहण्याचे दिवस महिन्याला सरासरी चारहून अधिक कमी झाले होते. रोजंदारीवरच्या घरात चार दिवस म्हणजे वाण्याची उधारी फिटते.

‘मानस’मध्ये सौम्य आणि तीव्र असे सगळेच रुग्ण होते. पुढच्या चाचणीत फक्त बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण घेतले, दहा सरकारी केंद्रांतले. नेहमीच्या उपचारांना सहा ते आठ बैठकांची जोड दिली, कधी केंद्रात, कधी घरी. यामागचं शास्त्र समजून घेण्यासारखं आहे. नैराश्य आलं की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो: शनिवारचं भजन, परसातली मिरचीची रोपं, शेजारणीशी दोन शब्द. सोडल्यामुळे दिवसात आनंदाचं काही उरत नाही आणि मन आणखी खचतं. ‘बरं वाटलं की करीन’ म्हणून थांबलं तर बरं वाटतच नाही. म्हणून समुपदेशक आणि रुग्ण एकत्र बसून एक साधा तक्ता भरतात. मंगळवारी संध्याकाळी काय? रोपांना पाणी. नंतर मन कसं होतं? पुढच्या बैठकीत तोच तक्ता पुढे घेऊन बोलणं होतं; जमलं नाही तर का जमलं नाही, यावर वाट काढली जाते. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले होते, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले ३९ टक्के. वर्षभरानंतरही फरक टिकून होता.

या समुपदेशकांना वाऱ्यावर सोडलं नव्हतं, हेही लक्षात घ्यायला हवं. तीन आठवड्यांचे वर्ग, नंतर सहा महिने प्रत्यक्ष काम, आणि बैठकांची ध्वनिमुद्रणं एकत्र ऐकून एकमेकांच्या कामाचं मूल्यमापन. सरकारने ही पद्धत उचलताना प्रशिक्षणानंतरची ही देखरेख गाळली, तर निकाल असेच येतील अशी अपेक्षा धरू नये.

२०११ च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत साठी ओलांडलेले ११ टक्क्यांहून अधिक होते. मुलं परदेशी, मोठं घर, त्यात म्हातारा-म्हातारी. अशा वयाच्या, नैराश्याची सुरुवातीची लक्षणं असलेल्या १८१ जणांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणीही गोव्यातलीच. पुन्हा तज्ज्ञ नसलेलेच समुपदेशक. अडचणी सोडवायच्या कशा, झोप सुधारायची कशी, मधुमेह सांभाळायचा कसा हे ते शिकवत, सरकारी योजनांचा लाभ मिळवायलाही मदत करत. वर्षभरात त्यांच्या गटातल्या ९१ पैकी चौघांना पूर्ण नैराश्य आलं, समुपदेशन नसलेल्या दुसऱ्या गटातल्या ९० पैकी १३ जणांना.