इस्ट्रोजेन मापन आणि स्तनाचा कर्करोग

इस्ट्रोजेन मापन : शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकांचे प्रमाण प्रयोगशाळेत ठरवण्याची प्रक्रिया. स्तनाच्या कर्करोगात तिचा उपयोग धोक्याचा अभ्यास करण्यासाठी आणि काही उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी होतो. निदान मात्र तिच्यावरून होत नाही. गाठीच्या तुकड्यावर केली जाणारी ‘ईआर’ तपासणी ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात कर्करोगाच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचे रिसेप्टर (संप्रेरकाला पकडणारी प्रथिने) आहेत का, हे पाहतात. ‘ईआर पॉझिटिव्ह म्हणजे रक्तात इस्ट्रोजेन वाढलेले’ हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. रक्तातील पातळी अगदी कमी असलेल्या वृद्ध स्त्रियांमध्येच ईआर पॉझिटिव्ह गाठी जास्त आढळतात.

मापनात मुख्यतः इस्ट्राडायॉल, इस्ट्रोन आणि इस्ट्रिऑल या तिघांचा विचार होतो. इस्ट्राडायॉल सर्वांत प्रभावी असते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोनचे प्रमाण त्याच्याहून जास्त असते, तर इस्ट्रिऑल प्रामुख्याने गरोदरपणात वाढते. इस्ट्राडायॉल पिकोग्रॅममध्ये मोजतात. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत ते दर मिलिलिटर रक्तात साधारण 20 ते 80 पिकोग्रॅम असते, बीजमोचनाच्या सुमारास 200 च्या वर जाते आणि गरोदरपणाच्या अखेरीस हजारोंत पोचते. रजोनिवृत्तीनंतर ते बहुधा 10 च्या खाली येते, तर अरोमाटेज (इस्ट्रोजेन तयार करणारे विकर) रोखणारी औषधे चालू असताना 1 च्याही खाली. त्यामुळे वय, पाळीचा दिवस आणि चालू औषधे यांची नोंद सोबत नसेल, तर आकड्याचा अर्थ लावता येत नाही. काही प्रयोगशाळा निकाल पिकोमोलमध्ये देतात. दर मिलिलिटर 1 पिकोग्रॅम म्हणजे दर लिटर सुमारे 3.67 पिकोमोल. दोन ठिकाणचे अहवाल शेजारी ठेवताना एककाकडे आधी पाहावे.

अंडाशय आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध संप्रेरकाचा शोध लागण्यापूर्वीच लक्षात आला होता. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी रोग बळावलेल्या स्त्रियांचे अंडाशय काढले आणि गाठी आक्रसल्याचे 1896 मध्ये प्रसिद्ध केले. 1923 मध्ये एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी अंडाशय काढलेल्या उंदरांवर होणाऱ्या परिणामावरून संप्रेरकाचे अस्तित्व ओळखण्याची पद्धत दिली. 1929 मध्ये डॉइझी आणि ॲडॉल्फ ब्यूटेनांट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिनसाठी शोधलेले किरणोत्सारी प्रतिपिंड-मापन पुढे इस्ट्राडायॉललाही लागू झाले, तेव्हा कुठे थोड्याशा रक्तात ते मोजणे शक्य झाले.

आज बहुतेक प्रयोगशाळांतील स्वयंचलित यंत्रे प्रतिपिंडांवरच चालतात. वंध्यत्वाच्या उपचारांत, जिथे पातळी शेकड्यांत असते, तिथे त्यांचे काम चोख चालते. पण स्तनाच्या कर्करोगातले प्रश्न नेमके खालच्या टोकाला असतात आणि तिथे ही यंत्रे अडखळतात: 2 आणि 8 मधला फरक अनेकदा त्यांना कळत नाही. शिवाय इस्ट्राडायॉलसारखी रचना असलेले रेणूही प्रतिपिंडाला चिकटतात. फुलवेस्ट्रंट आणि एक्झेमेस्टेन ही स्तनाच्या कर्करोगावरची दोन्ही औषधे स्टेरॉइडच्या सांगाड्याची असल्याने काही चाचण्यांत इस्ट्राडायॉल खोटे वाढलेले दाखवतात. पहिल्या औषधाच्या बाबतीत तर रुग्णेला अजून रजोनिवृत्ती आलेली नाही असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. केस-नखांसाठी घेतलेले बायोटिन हे जीवनसत्त्वही काही यंत्रांची दिशाभूल करते. यावरचा उपाय म्हणजे द्रव वर्णलेखनाला (मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीला) जोडलेली मास स्पेक्ट्रोमेट्री. तिच्यात रेणू वजनावरून ओळखला जातो. ती महाग आणि कौशल्याची आहे, पण अरोमाटेज रोखणारे औषध घेणाऱ्या स्त्रीचे इस्ट्राडायॉल मोजायचेच असेल तर दुसऱ्या पद्धतीवर विसंबू नये.

धोक्याच्या अभ्यासात या मापनाने मोलाची भर घातली. 2002 मध्ये नऊ दीर्घकालीन अभ्यासांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, रजोनिवृत्तीनंतर इस्ट्राडायॉल सर्वाधिक असलेल्या पाचव्या हिश्श्यातील स्त्रियांना सर्वांत कमी असलेल्यांच्या सुमारे दुप्पट धोका आढळला. या वयात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत अरोमाटेज या विकरामुळे तयार होते, म्हणून लठ्ठपणाशी असलेला संबंधही बराचसा यातून उलगडतो. पाळी चालू असलेल्या स्त्रियांमध्येही संबंध दिसतो, पण तो सौम्य आहे. पातळी दिवसागणिक हलत असताना एका नमुन्यावरून फार काही कळणेही अवघड. दुप्पट हा शब्द ऐकून घाबरायला होते, पण हा फरक मोठ्या गटांतला आहे. एकट्या स्त्रीचे भाकीत त्यावरून करता येत नाही. बहुतांश इस्ट्राडायॉल रक्तातल्या प्रथिनांना बांधलेले असते आणि जेमतेम 2-3 टक्के मोकळे असते. स्तनाच्या ऊतीत तर रजोनिवृत्तीनंतर रक्ताच्या कित्येक पट इस्ट्राडायॉल आढळते, आणि ते हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तात दिसत नाही.

उपचारात रक्तचाचणीचा खरा उपयोग अंडाशय शांत झाले आहेत का हे ठरवण्यात होतो. केमोथेरपीनंतर पाळी थांबली म्हणजे रजोनिवृत्ती आली असे नाही. अरोमाटेज रोखणारी औषधे काम करणारे अंडाशय आवरू शकत नाहीत. उलट अशा स्त्रीत ती अंडाशयांना चेतवू शकतात. म्हणून तरुण स्त्रियांना त्यांच्या जोडीला अंडाशय दाबणारे इंजेक्शन देतात, आणि तेही प्रत्येकीत पुरेसे ठरत नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॉफ्ट-ईएसटी या उपअभ्यासात ट्रिप्टोरेलिन हे असे इंजेक्शन आणि एक्झेमेस्टेन हे अरोमाटेज रोखणारे औषध घेणाऱ्या 34 टक्के स्त्रियांचे इस्ट्राडायॉल पहिल्या वर्षात निदान एकदा 2.72 पिकोग्रॅमच्या मर्यादेच्या वर आढळले. इंजेक्शन चालू असताना एफएसएच या दुसऱ्या संप्रेरकावरून निर्णय घेता येत नाही, कारण इंजेक्शन त्यालाही खाली ठेवते. टॅमॉक्सिफेनची गोष्ट निराळी आहे. पाळी चालू असलेल्या स्त्रीत त्याने इस्ट्राडायॉल बरेच वाढू शकते, पण औषध रिसेप्टरच अडवत असल्याने त्या वाढीचा अर्थ उपचार फसला असा होत नाही.

गाठीतील रिसेप्टरचे मापन एलवुड जेन्सन यांच्या कामातून आले. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी किरणोत्सारी इस्ट्राडायॉल वापरून हे प्रथिन हुडकले. आता गाठीच्या पातळ कापावर प्रतिपिंडांनी रंग चढवून किती टक्के केंद्रके रंगली ते मोजतात. 1 टक्का किंवा अधिक असल्यास ईआर पॉझिटिव्ह, आणि 1 ते 10 टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात. सुमारे 70 ते 80 टक्के स्तनकर्करोग ईआर पॉझिटिव्ह असतात. संप्रेरकरोधी उपचार द्यायचा की नाही, हे या आकड्यावर ठरते. शरीरभर पसरलेल्या रोगात फ्लुओरोइस्ट्राडायॉल हा किरणोत्सारी रेणू टोचून पीईटी स्कॅनवर (किरणोत्सारी रेणू शरीरात कुठे जमतो ते दाखवणाऱ्या चित्रणात) रिसेप्टर पाहण्याची पद्धतही 2020 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

लघवीतील इस्ट्रोजेनच्या विघटन-पदार्थांचे गुणोत्तर, विशेषतः 2-हायड्रॉक्सी आणि 16-अल्फा-हायड्रॉक्सी प्रकारांचे, धोका सांगते अशी कल्पना एके काळी फार गाजली. पुढच्या अभ्यासांनी तिला ठाम आधार दिला नाही, तरी अशा चाचण्या आणि लाळेवरचे संच आजही विकले जातात. त्यांच्या निकालावरून औषध सुरू किंवा बंद करू नये. याउलट 2024 मध्ये प्रसिद्ध झालेले आयबिस-2 या औषधाच्या प्रयोगाचे विश्लेषण अधिक आश्वासक आहे. धोका जास्त असलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना त्या प्रयोगात प्रतिबंधासाठी ॲनास्ट्रोझोल हे अरोमाटेज रोखणारे औषध दिले होते. त्यांच्यापैकी ज्यांचे इस्ट्राडायॉल वाहक प्रथिनाच्या तुलनेत सर्वांत कमी होते, त्या चौथ्या हिश्श्यात औषधाचा स्पष्ट फायदा दिसला नाही. ॲनास्ट्रोझोलने सांधे दुखतात आणि हाडे ठिसूळ होतात, त्यामुळे ते कोणाला देऊ नये हे आधी कळणे उपयोगाचेच आहे. पण त्यासाठी 5 पिकोग्रॅमच्या आसपासचा आकडा विश्वासाने मोजणारी यंत्रणा नेहमीच्या रुग्णालयांत असावी लागेल.