केसांचा कटआउट (छायाचित्र संपादन)

व्यक्तिचित्राची पार्श्वभूमी बदलताना डोक्याभोवतीचे मोकळे, भुरभुरणारे केस जुन्या पार्श्वभूमीतून सुटे करून नव्या चित्रावर बसवण्याचे काम. स्टुडिओतल्या बोलीत ते 'कटिंग'मध्येच मोडते. संगणकशास्त्रात त्याला 'मॅटिंग' म्हणतात. खांदा, कॉलर, जबडा यांच्यासाठी कटिंग हा शब्द चपखल आहे, कारण तिथे कड असते आणि पेन टूलने पाथ (कडेवरून जाणारी रेघ) मारून ती कापता येते. केसांना अशी कड नसते. तिथे प्रत्येक पिक्सेलमध्ये केस किती आणि मागची भिंत किती, हे ठरवावे लागते. हे लक्षात न घेता पाथ फिरवला की हेल्मेट घातल्यासारखे डोके तयार होते.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाड असतो. कमरेपर्यंतच्या फोटोत एक मीटर उंचीचा भाग ६,००० पिक्सेलमध्ये टिपला, तर एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे १७० मायक्रॉन येतात. सुटा केस पिक्सेलपेक्षा बारीक ठरतो आणि त्याचा रंग भिंतीच्या रंगात मिसळूनच नोंदला जातो. हे मिश्रण लिहिण्यासाठी लाल, हिरव्या, निळ्या मूल्यांसोबत अपारदर्शकतेचे चौथे मूल्य ठेवण्याची कल्पना, म्हणजे अल्फा चॅनेल, एल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमुल यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस मांडली. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रे एकमेकांवर बसवण्याचे गणित सूत्रबद्ध केले. उलट दिशेने जाणे मात्र अवघड आहे. फोटो देतो तीन मूल्ये. शोधायची असतात सात : केसाच्या रंगाची तीन, मागच्या रंगाची तीन आणि अपारदर्शकता. म्हणून प्रत्येक पद्धतीला बाहेरून काहीतरी सांगावे लागते : इथे नक्की माणूस, इथे नक्की भिंत, मधला पट्टा संशयाचा.

फिकट भिंतीपुढच्या काळ्या केसांसाठी चॅनेलची जुनी रीत आजही भरवशाची आहे. लाल, हिरव्या, निळ्या रंगांचे तिन्ही चॅनेल (एकेका रंगाची करडी प्रतिमा) पाहून ज्यात केस आणि भिंत सर्वांत वेगळी दिसतात त्याची प्रत काढायची. काळे-तपकिरी केस निळा प्रकाश फारच कमी परावर्तित करतात, त्यामुळे बहुधा निळा चॅनेलच उपयोगी पडतो. मग लेव्हल्स या साधनाने काळे-पांढरे ताणायचे, चेहरा आणि कपडे ब्रशने भरून घ्यायचे आणि त्याचा मास्क (काय दिसावे, काय लपावे ते ठरवणारी काळी-पांढरी प्रतिमा) करायचा. भिंत खरोखर पांढरी असेल तर आणखी सोपा मार्ग आहे : फोटोचा लेयर (थर) मल्टिप्लाय मोडवर, म्हणजे खालचे चित्र गडद करत मिसळणाऱ्या पद्धतीवर, ठेवला की पांढरा रंग आपोआप नाहीसा होतो आणि एकेक बट उरते, वर चेहऱ्याचा नेहमीचा लेयर मास्क लावून बसवायचा. नवी पार्श्वभूमी केसांहून उजळ असेल तरच हे जमते.

पण नवरीने गजरा माळला की हीच रीत अडते. मोगऱ्याची पांढरी फुले निळ्या चॅनेलमध्ये भिंतीइतकीच उजळ दिसतात आणि अंबाड्याला भोके पडतात. फुले पाथने वेगळी कापून केसांच्या मास्कमध्ये मिळवावी लागतात. हिरवा पडदा वापरून ही कटकट टळेल असे वाटते, पण हिरवा चुडा आणि हिरवा शालू असलेल्या लग्नात पडद्यासोबत चुडाही पुसला जातो. अशा वेळी निळा किंवा मध्यम करडा पडदा घ्यावा आणि नवरीला त्यापासून पाच-सहा फूट पुढे उभे करावे, म्हणजे पडद्याचा रंग केसांवर सांडत नाही.

हा सांडलेला रंग मास्कहूनही जास्त त्रास देतो. पुण्यात म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रस्त्यावर लॉन्समध्ये रात्री लग्ने लागतात. स्टेजच्या गुलाबी-जांभळ्या एलईडींनी केसांची कड मागून उजळते. तेच जोडपे दिवसाच्या शनिवारवाड्यापुढे बसवले की मास्क निर्दोष असूनही फोटो खोटा वाटतो. फोटोशॉपमधला 'डिकन्टॅमिनेट कलर्स' कडेचा उपरा रंग काढून शेजारच्या केसाचा रंग भरतो, तरी गडद गुलाबी कड हातानेच, कलर मोडच्या (उजेड तसाच ठेवून फक्त रंग बदलणाऱ्या) ब्रशने, रंगवून घ्यावी लागते. त्यापेक्षा संध्याकाळची पार्श्वभूमी निवडणे शहाणपणाचे.

फाइल कशी आली यावरही पुष्कळ अवलंबून असते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा लहान आणि दाबलेली असते. जेपेग या फोटो दाबून साठवण्याच्या प्रकारात रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीच्या अर्ध्या बारकाईने साठवली जाते, त्यामुळे बटांभोवती ठोकळे दिसू लागतात. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावा. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी एवढा खटाटोप लागत नाही, लांबून सुटी बट दिसतच नाही. १२ बाय ३६ इंची अल्बमच्या पानावर मात्र प्रत्येक चूक हातभर अंतरावरून पाहिली जाते.

२०१७ मध्ये अ‍ॅडोबीच्या संशोधकांनीही सहभाग घेतलेल्या 'डीप इमेज मॅटिंग' या निबंधापासून हे काम न्यूरल जाळ्यांकडे, म्हणजे उदाहरणे दाखवून शिकवलेल्या संगणकीय प्रणालींकडे, वळले. आज मोबाइलवर ते काही सेकंदांत होते आणि मोकळ्या केसांवर चांगले होते. वेणीतला शेवंतीचा गुच्छ, बटांमधली फट, चष्म्याच्या काडीवरून गेलेली बट इथे अजून डोळ्यांनी तपासावे लागते. अमेरिकी व्हिसाच्या २ बाय २ इंची फोटोत मात्र संगणकीय फेरफार चालत नाही. तिथे पांढऱ्या भिंतीपुढे नवा फोटो काढणेच योग्य.

सर्वांत नाजूक काम तसबिरीचे. घरातले माणूस गेल्यावर लग्नाच्या जुन्या ग्रुप फोटोतून त्याचा चेहरा वेगळा काढून मागायला लोक येतात. पिकलेले केस, मागे पांढरा मांडव, त्यातून स्कॅन : कोणताच चॅनेल मदत करत नाही. इथे डोक्याचा आकार मऊ ब्रशने राखून कडेचे केस टॅब्लेटच्या पेनने एक-दोन पिक्सेल जाडीने, मूळ वळणाच्या दिशेने काढतात आणि मागे मध्यम करडा किंवा निळसर रंग देतात, म्हणजे पांढरे केस उठून दिसतात. चेहरा हाराच्या बाजूला वळावा म्हणून फोटो आडवा उलटवू नये. भांग दुसऱ्या बाजूला जातो आणि घरच्यांना ते तत्क्षणी कळते.