अफगाण कलाकार परदेशात का नाचतायत: थोडी पार्श्वभूमी

९ ऑगस्ट २०२४ ला ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स, पहिल्यांदा आलं, पॅरिसमध्ये, आणि त्या दिवशीच्या अगदी पहिल्या बॅटलमध्ये निर्वासितांच्या टीमकडून मनीझा तलाश उतरली, वय फक्त २१. नाचता नाचता तिने वरचा कपडा काढला, आत फिकट निळा केप होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं, अफगाण बायकांना मुक्त करा. समोर नेदरलँड्सची इंडिया सारजो होती, तिच्याशी ती हरलीच, वर राजकीय घोषणा केली म्हणून डिसक्वालिफायपण केलं. काबूलमध्ये मुलांच्या ब्रेकिंग ग्रुपमध्ये शिरलेली ही पहिली मुलगी, धमक्या आल्या, तालिबान आल्यावर पाकिस्तानात पळाली, तिथून स्पेन.

बातमीखाली बऱ्याच जणांनी लिहिलं की तालिबानच्या आधी सगळं छान होतं, ते काबूलमधले ७० च्या दशकातले मिनीस्कर्टचे फोटो बघा. हे फोटो दर वेळी येतात आणि मला दर वेळी त्रास होतो, कारण त्या फोटोंमुळे असं वाटतं की हे कलाकार परदेशात जाऊन जुनं काहीतरी जपून ठेवतायत. थोडंफार जपतायत, नक्कीच. पण बाईने परक्या लोकांसमोर, स्टेजवर, स्वतःच्या मर्जीने नाचायचं हे त्या जुन्यात जवळजवळ नव्हतंच, ते आता देशाबाहेर पहिल्यांदा घडतंय.

नाच आणि गाणं तिथे भरपूर होतं, त्यात शंका नाही. अत्तन सगळ्यांना माहीत असतो, मूळ पश्तूनांचा, ढोलावर, गोल करून, सुरुवात एकदम संथ आणि मग वेग चढत जातो, डोकं झटकून केस उडवतात. राजाच्या काळात दर ऑगस्टला स्वातंत्र्याचा जश्न व्हायचा त्यात अत्तन असायचाच, आणि असं होत होत तो सगळ्या देशाचा नाच म्हणून दाखवला जायला लागला. आता ताजिक, हजारा, उझबेक लोकांना यावर काय वाटतं हा वेगळा आणि नाजूक विषय आहे, आणि बाहेर गेलेल्या तरुण पोरांमध्ये 'अफगाण' म्हणजे नक्की कोण हा वाद निघाला की अत्तन त्यात येतोच. दुसरा लोगरी, लोगर प्रांतातला, हा मला फार आवडतो, वाजवणारे अचानक थांबतात आणि नाचणाऱ्याने त्या क्षणी जिथे हात तिथे हात, जिथे पाय तिथे पाय असं गोठून उभं राहायचं, संगीत परत सुरू झालं की परत सुटायचं. लग्नात बायकांचा वेगळा कार्यक्रम असायचा, तिथे त्याच डफासारखी दायरा वाजवायच्या, त्याच नाचायच्या, पुरुष आत नाहीत.

पण पैसे घेऊन नाचणं गाणं हे हलकं काम समजलं जायचं. काबूलच्या जुन्या भागात खराबात नावाची गल्ली होती, १९ व्या शतकात अमीर शेर अली खानच्या दरबारासाठी हिंदुस्तानातून गवई नेले त्यांच्या वंशजांची. मोठे शास्त्रीय गायक उस्ताद सराहंग याच गल्लीतले, पतियाळा घराण्याची तालीम घेतलेले. एवढी मोठी विद्या असूनही घराण्याबाहेरच्या चांगल्या घरातल्या माणसाने यात पडायचं नाही असाच संकेत होता, बाईने तर नाहीच. १९५१ मध्ये परवीन ही गायिका रेडिओवर गायली तेव्हा ती मोठी घटना होती. १९५९ मध्ये जश्नच्या मंचावर राजघराण्यातल्या बायका बुरख्याशिवाय बसल्या आणि मग शहरात थोडं मोकळं झालं. महवश या गायिकेला १९७७ मध्ये उस्ताद ही पदवी मिळाली, बाईला पहिल्यांदाच, आणि तिला विरोध करणारे तालिबान नव्हते, तिच्याच क्षेत्रातले लोक होते.

मग १९७८ चं कम्युनिस्टांचं बंड आणि १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा. इथे एक गोष्ट झाली जी फार कमी लोक सांगतात. कम्युनिस्ट सरकारने गाणं, नाच, थिएटर याला भरपूर पैसा दिला, टीव्हीवर आणलं, पथकं बाहेरच्या देशात पाठवली. त्यामुळे या सरकारशी लढणाऱ्या मुजाहिदीनच्या डोक्यात हे पक्कं बसलं की नाचणारी बाई म्हणजे काफिर सरकारची बाई. १९९० पर्यंत साठ लाखांच्या वर लोक पाकिस्तान आणि इराणमध्ये निर्वासित होते, आणि पेशावरच्या बाजूच्या छावण्यांमध्ये शहीद झालेल्यांचं सुतक म्हणून लग्नातसुद्धा वाजवायला मनाई असायची. म्हणजे परदेशात पहिल्यांदा गेलेल्या अफगाण गवयांना बंदी तालिबानच्या आधीच भेटली, आणि तीही आपल्याच माणसांकडून. १९९२ नंतर गटागटांच्या लढाईत खराबात गल्ली जमीनदोस्त झाली, १९९६ मध्ये तालिबान आले, गाण्यावर बंदी आली आणि चेकपोस्टवर कॅसेटमधल्या टेपचे गुच्छ खांबांना लटकायला लागले.

ज्यांना जमलं ते पुढे निघून गेले. महवश अमेरिकेला गेली. हॅम्बर्ग आणि कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट ही मोठी ठिकाणं झाली, तिथल्या लग्नाच्या हॉलमध्ये कीबोर्डवर लोगरी वाजतं आणि मध्येच हिंदी सिनेमाचं गाणं लागतं, बायका पुरुष एकाच फ्लोअरवर. पन्नास वर्षांपूर्वीच्या काबूलमध्येही बहुतेक घरांत हे चाललं नसतं.

आर्ट गॅलरीवाल्या जगात सुरुवातीचं मोठं नाव लिदा अब्दुल. जन्म काबूलचा १९७३ चा, लहानपणी निघाली, जर्मनीत आणि भारतातही निर्वासित म्हणून राहिली, मग अमेरिका. २००५ मध्ये ती परत गेली, काबूलजवळच्या एका पडक्या इमारतीच्या अवशेषांना बादली आणि ब्रश घेऊन पांढरा रंग देत राहिली आणि ते फिल्मवर घेतलं. त्याच वर्षी व्हेनिस बिएनाले या मोठ्या कला प्रदर्शनात अफगाणिस्तान पहिल्यांदा आलं ते तिच्या कामाने. त्याच वर्षी आरियान म्नूशकिनच्या फ्रेंच नाटक कंपनीने काबूलमध्ये वर्कशॉप घेतलं, त्यातून आफताब नावाचं थिएटर उभं राहिलं, यातले बरेच नट पुढे फ्रान्समध्येच राहिले.

२००१ ते २०२१ या वीस वर्षांबद्दलही गैरसमज आहे. अफगाण स्टार या गाण्याच्या टीव्ही स्पर्धेच्या तिसऱ्या सीझनला हेरात शहरातली सेतारा स्पर्धेतून बाहेर पडली, शेवटचं गाणं म्हणताना ती थोडी नाचली आणि डोक्यावरचा रुमाल घसरला. बस एवढंच. तिला जिवे मारायच्या धमक्या आल्या, आणि तेव्हा काबूलमध्ये नाटोच्या फौजा होत्या, तालिबान सत्तेत नव्हते.

कुब्रा खादेमी या चित्रकार आणि परफॉर्मन्स कलाकाराचं तर सगळ्यांना माहीत असायला हवं. फेब्रुवारी २०१५, काबूलचा कोटे संगी भाग, तुफान गर्दीचा. तिने लोहाराकडून चिलखत करून घेतलं होतं, छाती आणि नितंबांचा आकार ठळक दाखवणारं, आणि ते कपड्यांवर चढवून ती रस्त्याने चालायला लागली. लहानपणी रस्त्यात कुणीतरी हात लावला तेव्हा तिला वाटलेलं की आपले आतले कपडे लोखंडाचे असते तर, तिथून हे आलं. दहा मिनिटं चालायचं ठरलेलं, जमाव मागे लागला, शिव्या, दगड, आठ मिनिटांत गाडीत बसावं लागलं. त्यानंतर लपून राहिली आणि थोड्याच आठवड्यांत फ्रान्सला. २०२२ मध्ये आविन्यों नाट्यमहोत्सवाचं पोस्टर तिच्या चित्राचं होतं. तिच्या त्या चालण्यानंतर महिन्याभरात काबूलमध्येच फरखुंदा या तरुणीला जमावाने मारून जाळलं, आणि एप्रिलमध्ये लीना आलम या अभिनेत्रीने तोच प्रसंग रस्त्यावर करून दाखवला. या तिन्ही गोष्टी एकामागोमाग वाचल्या की खादेमीने अंगावर लोखंड का चढवलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच्या आदल्या डिसेंबरात, २०१४ मध्ये, काबूलच्या फ्रेंच सांस्कृतिक केंद्रात प्रयोग चालू असताना आत्मघाती हल्ला झाला होता, नाटकाचा विषयच आत्मघाती हल्ले. अफगाणिस्तानच्या राष्ट्रीय संगीत संस्थेचे संस्थापक अहमद सरमस्त प्रेक्षकात होते, त्यांच्या कानाचे पडदे गेले. तरी त्यांच्या संस्थेतून मुलींचा झोहरा ऑर्केस्ट्रा निघाला, फाहिमा मिर्झाई काबूलमध्ये मुलं मुली एकत्र घेऊन सूफी समा, म्हणजे गोल फिरत करायचा सूफी नाच, करत होती. ऑगस्ट २०२१ ला तालिबान परत आले आणि हे सगळं थांबलं. त्याच महिन्यात अंदराब खोऱ्यातल्या फवाद अंदराबी या लोकगायकाला घरातून ओढून मारलं. सरमस्तांची संस्था मुलांसकट पोर्तुगालला गेली, फाहिमालाही निघावं लागलं. तालिबानच्या ऑगस्ट २०२४ च्या कायद्यात तर बाईचा आवाजसुद्धा लपवायची गोष्ट ठरवलीय.

आपल्याकडच्या लोकांनी एक लक्षात घ्यावं. पुण्यात वर्षानुवर्षं अफगाण मुलं मुली शिकायला येतात. २५ ऑगस्ट २०२१ ला भारताने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द केले, सुट्टीत किंवा कोविडमध्ये घरी गेलेली कितीतरी पोरं तिकडेच अडकली.

आता पॅरिस, बर्लिनला पोचलेल्यांचे प्रश्न वेगळे आहेत. ग्रँट मिळते, पण बहुतेक वेळा युद्ध आणि बुरखा याच्यावरच काहीतरी करा ही अपेक्षा असते, खादेमी नागड्या, हसणाऱ्या, बिनधास्त बायकांची चित्रं काढते तेव्हा सगळ्यात जास्त शिव्या तिला अफगाण पुरुषांकडूनच पडतात. आणि जे फक्त पेशावरपर्यंत पोचले त्यांना तेही नाही, ऑक्टोबर २०२३ पासून पाकिस्तान कागद नसलेल्या अफगाणांना परत पाठवतंय, त्यात पिढ्यानपिढ्या वाजवणारी घराणीपण आहेत, आणि परत गेल्यावर त्यांनी हातात रबाब हे तंतुवाद्य धरायचं नाहीये.