काचेवरचं चिन्ह आणि मनातलं मत: गाडीवरची स्टिकर्स मतदाराबद्दल काय सांगतात?

निवडणूक लागली की नागपुरात रेडियम-स्टिकरच्या दुकानांपुढे दुचाक्यांची गर्दी वाढते. कुणाला मडगार्डवर पक्षाचं चिन्ह हवं असतं, कुणाला कारच्या मागच्या काचेवर नेत्याचा चेहरा. मग बर्डीपासून सदरपर्यंतच्या चहाटपऱ्यांवर अंदाज सुरू होतात. "यंदा त्यांच्याच गाड्या दिसून राहिल्या ना भाऊ," असं कुणीतरी म्हणतं आणि तेवढ्यावर निकाल लावून मोकळं होतं. हा अंदाज बहुतेक वेळा कुचकामी असतो. पण स्टिकर्स निरर्थक आहेत असं मात्र नाही. कोण जिंकणार हे त्यांतून कळत नसलं, तरी माणूस पक्षाशी कसा बांधला जातो आणि केव्हा सुटतो, याबद्दल ती बरंच सांगतात. मानसशास्त्र आणि राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यावर मनापासून काम केलं आहे.

आधी अंदाज का चुकतो ते पाहू. रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्या म्हणजे मतदारयादी नव्हे. कारवाला दिसतो, पायी जाणारा, शहर बसने जाणारा, धुणीभांडी करायला तीन मोहल्ले ओलांडणारी बाई दिसत नाही. शिवाय निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार खासगी गाडीवर मालकाने स्वखुशीने, कुणाला त्रास न होता, झेंडा किंवा स्टिकर लावलेलं चालतं. व्यावसायिक वाहनावर मात्र रीतसर परवानगीशिवाय चालत नाही. त्यामुळे आचारसंहितेच्या काळात ऑटोवर पक्षाचं चिन्ह दिसलं नाही, म्हणजे ऑटोवाल्याला मत नाही असा अर्थ काढता येत नाही. आणि ज्याच्या घराभोवती सगळे दुसऱ्याच पक्षाचे आहेत, तो गप्प बसणंच पसंत करतो. आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणूस बोलणं टाळतो, त्यामुळे ते मत आहे त्याहूनही दुबळं दिसू लागतं आणि आणखी लोक गप्प होतात. जर्मनीच्या एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये हा सिद्धांत मांडला. गाड्यांच्या काचा मोजणाऱ्याच्या हिशेबात हे गप्प लोक येतच नाहीत.

आता ज्यांनी लावलं त्यांच्याकडे वळू. इथे दुकानातली एक साधी गोष्ट फार महत्त्वाची आहे. गिऱ्हाइकाने गाडीच्या पत्र्यावर लावायला सांगितलं की स्टिकरवाला हमखास अडवतो: "काचेवर लावा ना जी, बॉडीवर नका लावू. काढतानी रंग निघते." त्याचं म्हणणं रास्त आहे. विनाइलच्या मागचा अॅक्रिलिक गोंद नुसत्या दाबाने चिकटतो, पण खरी पकड लगेच येत नाही. पुढच्या काही तासांत तो पृष्ठभागाच्या बारीक खाचांमध्ये हळूहळू पसरतो आणि घट्ट बसतो. त्यात मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर. उन्हात विनाइलमधलं, त्याला लवचीक ठेवणारं द्रव्य उडून जातं, पापुद्रा ठिसूळ होतो आणि काढायला गेलं की नखाएवढे तुकडे पडतात. काच ब्लेडने खरवडता येते, रंगवलेला पत्रा येत नाही.

म्हणजे काचेवर लावणारा आणि पत्र्यावर लावणारा हे एकाच तीव्रतेचे समर्थक नाहीत. इस्रायली जीवशास्त्रज्ञ अमोत्झ झहावी यांनी १९७५ मध्ये प्राण्यांबद्दल मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. जो संकेत द्यायला काहीतरी गमवावं लागतं, तोच विश्वासार्ह. सभेत फुकट मिळालेला बिल्ला शर्टावर टोचायला काही लागत नाही, संध्याकाळी काढूनही ठेवता येतो. गाडीचा रंग पणाला लावणं वेगळं. उद्या गाडी विकायची झाली तर किंमत कमी येईल, साहेब विरोधी पक्षाचे निघाले तर अडचण होईल, हे पत्करूनच ते स्टिकर लागलेलं असतं.

स्टिकर लावून मतं मिळतात का? अमेरिकेत घरापुढच्या अंगणात उमेदवाराच्या नावाची पाटी रोवायची पद्धत आहे. डोनाल्ड ग्रीन आणि सहकाऱ्यांनी चार निवडणुकांमध्ये, कोणत्या भागात पाट्या लावायच्या हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून प्रयोग केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की पाट्यांमुळे मतांचा वाटा सरासरी सुमारे १.७ टक्क्यांनी वाढला. अटीतटीच्या लढतीत तेवढंही पुरतं, पण हवा फिरवायला पुरत नाही.

पाहणाऱ्यापेक्षा लावणाऱ्यावर होणारा परिणाम मला जास्त मोलाचा वाटतो. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी १९६६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही घरी जाऊन त्यांनी 'सुरक्षित वाहन चालवा' अशा अर्थाची तीन इंचांची चिठ्ठी खिडकीत लावायची विनंती केली. एवढीशी गोष्ट, बहुतेकांनी मानली. दोन आठवड्यांनी दुसरा माणूस आला आणि त्याने अंगणात एक अवाढव्य, ओबडधोबड फलक उभारू देण्याची परवानगी मागितली. ज्यांच्याकडे आधी कुणी गेलंच नव्हतं, त्यांच्यापैकी १७ टक्क्यांनी होकार दिला. ज्यांनी ती चिठ्ठी लावली होती, त्यांच्यापैकी ७६ टक्क्यांनी! मधल्या काळात कुणी त्यांना भाषण दिलं नव्हतं. खिडकीतली चिठ्ठी त्यांना रोज दिसत होती आणि 'आपण या बाजूचे' हे मनात पक्कं होत होतं. पक्षाचा कार्यकर्ता घरोघरी फुकट स्टिकर वाटतो तेव्हा त्याच्या हाती हेच साधन असतं, त्याने तो शोधनिबंध वाचलेला असो वा नसो. स्टिकर लावू देणारा माणूस पुढे रॅलीला येतो, बूथवर बसतो, वाद घालतो.

मग निकालाचा दिवस येतो. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या सात विद्यापीठांमधलं निरीक्षण मांडलं. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाच्या नावाचे शर्ट जास्त दिसत. हरला की कमी. जिंकल्यावर विद्यार्थी 'आपण जिंकलो' म्हणत आणि हरल्यावर 'ते हरले'. नागपुरात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. 'आपली सीट निघाली' आणि 'त्यांची सीट पडली' ही दोन वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून, एकाच पक्षाबद्दल, पाच वर्षांच्या अंतराने ऐकलेली अनेकांना आठवतील. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात १९९९ च्या निवडणुकीत संशोधकांनी घरांवरची पक्षाची पोस्टर्स निवडणुकीच्या आधी आणि नंतर तपासली. ज्या पक्षाचा निकाल चांगला, त्याची पोस्टर्स निकालानंतरही जास्त प्रमाणात टिकून होती. हरलेल्यांची लवकर उतरली.

म्हणून पक्षनिष्ठा मोजायची तर मतदानाआधीची गर्दी सोडून द्यावी आणि पराभवानंतर उरलेली स्टिकर्स पाहावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

नागपूरच्या रस्त्यांवर निकालाची पर्वा न करणारी स्टिकर्सही भरपूर आहेत. 'जय भीम' आणि निळं अशोकचक्र, शेगावचे गजानन महाराज, ताजुद्दीन बाबा, शिवाजी महाराज, 'जय विदर्भ'. यांतलं एकही मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी खरवडलं जात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे घडलं ते कुठल्याही निकालाने बदलत नाही, त्यामुळे ते स्टिकर लावणाऱ्याला पराभवाची लाज वाटण्याचा प्रश्नच येत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९६० मध्ये अमेरिकन मतदाराबद्दल म्हटलं होतं की पक्षाशी असलेलं नातं तिथे घरातूनच येतं आणि धर्मासारखं आयुष्यभर टिकतं. आपल्याकडे असं खोल रुजलेलं नातं अनेकदा समाजाशी, श्रद्धेशी किंवा प्रदेशाशी असतं, पक्ष त्यावर बेतलेला असतो. पक्षांनाही ते ठाऊक आहे. म्हणूनच प्रचाराच्या स्टिकरवर चिन्हाशेजारी महापुरुषाचा चेहरा येतो.

निष्ठा नक्की कुणावर, या प्रश्नाला नागपूरचा इतिहास फार छान साहित्य पुरवतो. जांबुवंतराव धोटे इथून १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉककडून निवडून आले आणि १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसकडून. बनवारीलाल पुरोहित १९८४ आणि १९८९ मध्ये काँग्रेसचे खासदार होते, १९९६ मध्ये भाजपचे. म्हणजे माणूस तोच, चिन्ह वेगळं, आणि मतदारांनी तरी निवडून दिलं. याच्या उलट १९७७. आणीबाणीनंतर उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट झाली, पण नागपूरने काँग्रेसचाच उमेदवार दिल्लीला पाठवला. तिथे पक्षाची पकड लाटेपेक्षा भारी ठरली. अलीकडे तर संपूर्ण महाराष्ट्रात जणू प्रयोगच झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेला आणि ठाकरे गटाकडे मशाल राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ अजित पवारांना मिळालं आणि शरद पवारांच्या पक्षाला तुतारी वाजवणारा माणूस. ज्याच्या गाडीवर आधीपासून धनुष्यबाण होता, त्याने काही न करणं हासुद्धा आता एक पक्ष घेण्यासारखं झालं. एका नव्याकोऱ्या चिन्हाने ओळखीचं चिन्ह झाकणारा माणूस नेत्याशी बांधलेला आहे, हे तिथे लख्ख दिसतं. एरवी नेता आणि चिन्ह एकत्रच चिकटलेले असतात, त्यामुळे वेगळे काढता येत नाहीत.

स्टिकर आणि स्वभाव यांचाही एक संबंध सापडला आहे. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या विल्यम झ्लेम्को आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की गाडीवर स्टिकर्स आणि सजावट जितकी जास्त, तितकी चालकाने रस्त्यावर रागाने वागल्याची कबुली जास्त. संदेश कोणता आहे याने फरक पडला नाही. गाडी हा आपला इलाखा वाटू लागला की कट मारणारा माणूस घुसखोर वाटतो, असा त्यांचा अर्थ.

एक सावधगिरी मात्र हवी. फिकं पडलेलं स्टिकर पाहून उत्साह ओसरला असं समजू नये. छपाईच्या शाईतला पिवळा आणि गुलाबी-लाल रंग उन्हातल्या अतिनील किरणांनी लवकर उडतो. निळा आणि काळा बराच टिकतो. भगवा किंवा केशरी रंग छापताना पिवळा आणि गुलाबीच लागतो, म्हणून तो दोन उन्हाळ्यांत पांढुरका होतो. हिरव्यातला पिवळा उडाला की तो निळसर दिसतो. निळं स्टिकर त्याच उन्हात तग धरतं. हा रसायनशास्त्राचा भाग आहे, मतदाराच्या मनाचा नाही.

महाविद्यालयातल्या मुलामुलींनी हा अभ्यास नागपुरात सहज करावा, असं मला मनापासून वाटतं. मतमोजणीच्या आदल्या दिवशी ठरलेल्या चार-पाच पार्किंगमध्ये फक्त खासगी गाड्या मोजायच्या, पंधरा दिवसांनी त्याच जागी त्याच वेळी पुन्हा. स्टिकर काचेवर की पत्र्यावर, अख्खं की खरवडलेलं, आणि जिथे नुसता गोंदाचा चौकोन उरला आहे तोही वेगळ्या रकान्यात लिहायचा. गाडीचा नंबर मात्र कुठेही टिपायचा नाही. मताची गुप्तता १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने जपलेली आहे, आणि स्टिकर काढून टाकणाऱ्यालाही तो अधिकार आहेच.