टीव्हीवर चेहरा दिसला म्हणून विकिपीडियावर पान होत नाही

नवरात्रात अंबाबाईची पालखी असो की खासबागेतली कुस्ती, केबलवर माईक हातात घेऊन बोलणाऱ्या निवेदकाला कोल्हापुरात सगळे ओळखतात. त्यातूनच समज पक्का झालाय, की टीव्हीवर येणाऱ्याचं विकिपीडियावर पान होणारच. तसं नाही. ओळख वेगळी, विश्वकोशातली ‘उल्लेखनीयता’ वेगळी.

उल्लेखनीयता म्हणजे स्वतंत्र पान होण्याची पात्रता. त्यासाठी जिचं पान करायचं त्या व्यक्तीशी संबंध नसलेल्या, भरवशाच्या प्रकाशनांनी तिच्याविषयी सविस्तर लिहिलेलं असावं लागतं. गल्लत होते ती इथं. ‘सूत्रसंचालन अमुक यांनी केले, आभार तमुक यांनी मानले’ ही बातमीची शेवटची ओळ पन्नास कात्रणांत असली तरी धरत नाहीत. तिच्यातून नावापलीकडे काहीच कळत नाही, मग लेखात लिहायचं काय? वाहिनीनं दिलेला परिचय, पैसे भरून छापलेली वाढदिवसाची पुरवणी, फेसबुकचे फॉलोअर, हेही चालत नाही. मुलाखतीत माणूस स्वतःबद्दल स्वतःच सांगतो, म्हणून नुसत्या मुलाखतींवर पान टिकत नाही. पण दोन-तीन वृत्तपत्रांनी कारकिर्दीवर आपणहून लेख केले असतील, तर स्थानिक निवेदकही कसोटीला उतरू शकतो.

पान झालं आणि कुणी उल्लेखनीयतेवर शंका घेतली, तर इंग्रजी विकिपीडियावर ते हटवण्याची चर्चा साधारण ७ दिवस चालते. तिथं मतं मोजत नाहीत, मुद्दे तपासतात; मित्रांकडून ‘ठेवा’ लिहून घेणं वाया जातं. त्या मुदतीत कात्रणं शोधा, अंकाची तारीख आणि पान क्रमांक द्या. अंक नेटवर नसला तरी छापील संदर्भ ग्राह्य असतो. काहीच सापडलं नाही, तर ते नाव कार्यक्रमाच्या पानाकडे वळवता येतं, अर्थात तसं पान असेल तर.