इंजिनाच्या पोटातली मोटर कुठल्या काळातली?

मॉडेल रेल्वेचं इंजिन अडखळायला लागलं की हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो, पण माझं कळकळीचं सांगणं आहे की थांबा, आधी ते इंजिन कोणत्या काळातलं आहे ते बघा. ते उघडायचं कसं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही हे बरंचसं त्यावरच ठरतं.

सुरुवातीला मोटर नव्हतीच. १८९१ मध्ये जर्मनीतल्या मार्क्लिनने लाइपझिगच्या जत्रेत चावीची गाडी रुळांसकट मांडली आणि रुळांच्या रुंदीला नंबर दिले, तेव्हा इंजिन रिपेअर म्हणजे स्प्रिंग आणि दाते, थोडक्यात घड्याळजीचं काम. वीज त्याच दशकाच्या शेवटी आली, अमेरिकेत कार्लाइल अँड फिंचने इलेक्ट्रिक गाड्या विकायला सुरुवात केली. मग १९२० मध्ये फ्रँक हॉर्नबीच्या लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने चावीच्या गाड्या काढल्या आणि १९२५ मध्ये इलेक्ट्रिक. त्या सुरुवातीच्या काळात काही कंपन्यांच्या सेटमध्ये घरातला करंट बल्बमधून घेऊन थेट रुळात सोडायचे, म्हणजे लहान मुलं खेळतायत आणि रुळात एवढा करंट, आज वाचूनही धडकी भरते. असं काही जुनं हाती लागलं तर ते फक्त बघायला ठेवा, चालवू नका.

१९३५ च्या सुमारास ट्रिक्स आणि मार्क्लिनने टेबलावर मावणाऱ्या १६.५ मिमी रुळांच्या गाड्या आणल्या, आणि इथे मोटरनेच इतिहास घडवला असं मला वाटतं. ब्रिटिश खरी इंजिनं युरोपातल्यांपेक्षा अंगाने लहान, त्यामुळे १:८७ मापात बॉडी केली तर आत मोटर बसेना. मग तिकडे रूळ तेच ठेवून बॉडी १:७६ केली, आणि १९३८ ची हॉर्नबी डब्लो याच मापाची. म्हणजे आजही ओओ गाडी, म्हणजे याच १:७६ मापाची, तिच्या रुळांपेक्षा जरा मोठी दिसते ती त्या मोटरपायी!

लोहचुंबकाचं प्रकरण मात्र नीट समजून घ्यायला हवं. १९३१ मध्ये जपानमध्ये मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियमचा जो मिश्रधातू शोधला त्यातूनच पुढे अल्निको आला आणि छोट्या मोटरला खरी ताकद मिळाली. पण अल्निकोचा एक स्वभाव आहे, तो दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये बसवल्यावर चुंबकित केलेला असतो आणि तिथून बाहेर काढला की त्याची शक्ती उतरते, परत बसवला तरी पहिल्यासारखी येत नाही. मी पहिल्यांदा मोटर साफ करायला म्हणून सगळे पार्ट सुटे केले, चुंबकसुद्धा, आणि पुन्हा जोडल्यावर इंजिन गरम व्हायला लागलं, करंट भरपूर खायचं आणि डबे काही ओढेना. खूप वाईट वाटलं होतं. कम्युटेटर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्या, पुसायला चुंबक काढायची गरजच नसते, त्यांना टेकून करंट देणारे ब्रश काढले की झालं.

त्याच काळातल्या ओतीव जस्ताच्या पार्टची वेगळी व्यथा. जस्तात शिशाची भेसळ राहिली की काही वर्षांनी धातू आतून फुगतो, वाकतो, तडकतो, चेसिसमध्ये चाकं अडकतात आणि मोटरचा दोष नसताना लोक मोटर खोलत बसतात. हे रिपेअर होत नाही, पार्टच बदलावा लागतो.

युद्धानंतरच्या ट्राय-अँग या ब्रिटिश कंपनीने, जिचा कारखाना १९५४ पासून इंग्लंडातल्या मार्गेटला होता, एक्स-०४ नावाची उघड्या सांगाड्याची मोटर वर्षानुवर्षं वापरली आणि माझ्या मते शिकायला याहून चांगली मोटर नाही. सगळं डोळ्यासमोर असतं, आर्मेचर (तारेच्या गुंडाळ्यांचा फिरणारा भाग), वर्म (चाकांना गती देणारा स्क्रूसारखा दाता), दोन ब्रश, आणि ते दाबून धरणारी एक तारेची स्प्रिंग. त्या स्प्रिंगच्या एकाच पायावर करंट अडवणारी बारीक नळी असते, ती विसरलात तर शॉर्ट. दुकानदारांसाठी प्रत्येक पार्ट नंबरसकट सुटा दाखवणारे सर्व्हिस शीट निघायचे, म्हणजे हे इंजिन कोणीतरी उघडणार हे कंपनीने धरलेलंच होतं. पुढे रिंगफील्ड मोटर आली, गोल चुंबकाच्या आत आर्मेचर, बऱ्याचदा इंजिनात नाही तर मागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्यात, आणि तिच्या ब्रशच्या स्प्रिंगा एवढ्या टिचभर की उघडताना हमखास उडतात, म्हणून खाली पांढरं कापड अंथरा.

१९९० नंतर उत्पादन चीनकडे गेलं, बंद डब्याच्या पाच पोलच्या, म्हणजे आर्मेचरवर पाच गुंडाळ्या असलेल्या मोटरी आल्या, वेग एकसारखा ठेवणारं फ्लायव्हील नावाचं जड चाक आलं, गाडी मुंगीच्या पावलाने चालायला लागली हे खरं, पण मोटर गेली की ती उघडत नाहीत, पूर्ण बदलतात. ह्याचं मला मनापासून दुःख आहे.

त्याच दशकात जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या एनएमआरए संघटनेने डीसीसीचं, म्हणजे रुळांतून डिजिटल आज्ञा पाठवून प्रत्येक इंजिन वेगळं चालवण्याचं, स्टँडर्ड ठरवलं. त्यात त्या आज्ञा वाचणारा छोटा सर्किट बोर्ड, डिकोडर, रुळ आणि मोटरच्या मध्ये बसतो, त्यामुळे मोटरचा एकही ब्रश चेसिसला टेकलेला चालत नाही, आणि जुन्या मोटरींत एक ब्रश हमखास टेकलेला असतो. तसाच जोडलात तर डिकोडर जळतो. म्हणून एक्स-०४ ला डीसीसी लावताना स्प्रिंगच्या दुसऱ्या पायावरही तशीच बारीक नळी चढवायची, त्या बाजूची पट्टी चेसिसपासून सुटी करायची, आणि मीटर लावून बघितल्याशिवाय डिकोडरची वायर जोडायची नाही.