मागचे ब्रेक पॅड बदलणे

मोटारीच्या मागच्या चाकांना डिस्क ब्रेक असतील, तर डिस्कला दोन्ही अंगांनी आवळणारे जे दोन तुकडे असतात ते ब्रेक पॅड. झिजल्यावर ते काढून नवे बसवणे, एवढेच हे काम वरवर दिसते. कोल्हापुरात फिरणाऱ्या बऱ्याच लहान गाड्यांना मागे डिस्क नसून ड्रम असतो. ड्रममधल्या शूला गॅरेजात लायनर म्हणतात आणि ते काम निराळे. म्हणून पॅड विकत आणण्याआधी चाकाच्या फटीतून चकाकती डिस्क दिसते का, हे पाहून घ्यावे.

पॅड म्हणजे पोलादी पाठ आणि तिच्यावर घर्षणाचा थर. हा थर ३ मि.मी. उरला की पॅड बदलावेत. अनेक पॅडना पत्र्याची एक जिभली असते. थर संपत आला की ती डिस्कला टेकते. ‘मागनं किर्र वाजतंय बघा,’ असे सांगत गाडी गॅरेजला येते, तेव्हा बहुधा ही जिभलीच बोलत असते. किर्र जाऊन खरखर सुरू झाली, तर पोलादी पाठच डिस्कला घासते आहे. डिस्क करड्या बिडाची असते, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत ओततात तशा बिडाची. तिच्यावर चरे पडायला वेळ लागत नाही.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबवण्याचे जास्त काम पुढची चाके करतात आणि मागच्यांकडे दुर्लक्ष होते. पण कोल्हापूरहून कोकणात उतरायचे तर करूळ, फोंडा, आंबा, आंबोली यांसारखा एखादा घाट लागतोच. खालच्या गिअरऐवजी ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याचे चारही चाकांचे पॅड तापतात. त्यात गगनबावड्याकडचा पाऊस आणि तांबडा चिखल. पॅडना धरून डिस्कवर आवळणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या गंजून अडकतात.

म्हणूनच जुने पॅड लगेच भंगारात टाकू नयेत. आधी शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. आतला पॅड पार संपलेला आणि बाहेरचा जाड, तर पिना अडकल्या आहेत. पॅड एका टोकाला पातळ, दुसऱ्याला जाड, तर तो आपल्या खाचेत तिरका बसला आहे. डाव्या चाकाचे पॅड शाबूत आणि उजव्याचे झिजलेले, तर उजव्या कॅलिपरमधला, पॅड डिस्कवर ढकलणारा पिस्टन किंवा हँडब्रेकची केबल मागे येत नाही. हे न पाहता बसवलेले नवे पॅडही तसेच झिजणार.

कामाला हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे आणि गाडीखाली स्टँड हवेच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नये. सोडवलेला कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा. धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसावी. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावावे, कारण साध्या ग्रीसने रबरी टोप्या फुगतात.

खरी गफलत पिस्टनपाशी होते. पुढचा पिस्टन सरळ दाबून आत जातो. मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा असेल, तर पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. शिकंजा लावून जोराने दाबला तर आतला आटा बिघडतो आणि अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. बटणाचा हँडब्रेक असेल, तर स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने, हँडब्रेक दुरुस्तीच्या सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय पिस्टनला हात लावू नये. पिस्टन आत जाताना ब्रेक ऑइल टाकीत वर चढते. सांडले तर रंग खाते, त्यामुळे तिकडे लक्ष हवे. पिस्टनवरची खाच आणि आतल्या पॅडच्या पाठीवरचा खुंट जुळले पाहिजेत.

पॅड दोन्ही मागच्या चाकांचे एकदमच बदलतात. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली असेल, तर तीही बदलावी. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबावे. पहिल्या दोन-तीन वेळा ते थेट तळाला जाते. मग पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर ५०च्या वेगावरून १०पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा हलके ब्रेक लावावेत आणि मधे गाडी थोडी पळवून पॅड गार होऊ द्यावेत. पन्हाळ्याचा उतार त्यानंतर.